लुमाच्या मुली कोणाच्या तोंडून बोलतात?

सामोआतील ताऊ बेटावर, समुद्राला लागून लुमा हे लहानसे गाव आहे. १९२५-२६ मध्ये मार्गारेट मीड ही अमेरिकन अभ्यासक तेथे राहिली. ‘कमिंग ऑफ एज इन सामोआ’ हे तिचे पुस्तक १९२८ मध्ये निघाले. वयात येतानाची घालमेल केवळ शरीरधर्म नव्हे, समाजच ती घडवतो, हा तिचा निष्कर्ष. वंशश्रेष्ठत्वाचे स्तोम माजलेल्या काळात हे म्हणणे मोलाचे होते, हे मान्य केलेच पाहिजे.

पण मीडचा मुक्काम होता अमेरिकन नौदलाच्या दवाखान्यात. त्याच नौदलाच्या राजवटीविरुद्ध १९२० मध्ये ‘माऊ’ चळवळ उठली होती. मुलींचे मन उकलणारी ही लेखणी सत्तेच्या प्रश्नापाशी बोथट होते.

१९८३ मध्ये डेरेक फ्रीमनने मीडला खोडून काढले. वाद दोन परक्या अभ्यासकांचा, गाव पुराव्यापुरते! दोन्ही ग्रंथांत मुली बोलतात त्या अभ्यासकाच्या तोंडून.

त्याआधीच, १९७३ मध्ये, आल्बर्ट वेंट या सामोअन लेखकाची ‘सन्स फॉर द रिटर्न होम’ ही कादंबरी आली होती. ज्याचे जगणे, त्याचीच लेखणी. लुमाच्या मुलींचाही हक्क याहून कमी नाही.