पाण्याचा ताळेबंद आणि ज्ञानाचा ताळेबंद : हिवरे बाजारच्या संदर्भात मोबाईल ॲप विकसकांच्या सामूहिक साधनांची चिकित्सा

सारांश : मोबाईल ॲप तयार करणाऱ्या विकसकांना आज मुक्त आज्ञावली, नकाशे, टंक आणि प्रश्नोत्तरांची संकेतस्थळे मोठ्या प्रमाणावर उपलब्ध आहेत. ही साधने सामूहिक मालकीची असली तरी त्यांची राखण कोणी करायची, त्यांची भाषा कोणती असावी आणि त्यांच्या आधारे घडणारे ॲप कोणासाठी असावे, हे प्रश्न अनुत्तरित आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पाण्यासारख्या सामूहिक संपत्तीचे जे नियमन केले, त्याच्या प्रकाशात या प्रश्नांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजसंज्ञा : सामूहिक संपत्ती, पाण्याचा ताळेबंद, मुक्तस्रोत, मोबाईल ॲप, ग्रामसभा, मराठी संगणन.

1. प्रस्तावना

हिवरे बाजार हे ॲप विकसकांचे गाव नाही. मग विकसकांच्या साधनांचा विचार करताना या गावाकडे वळण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सामूहिक संपत्तीच्या सिद्धांतात सापडते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे दाखवून दिले, की पाणी, कुरण, मासेमारी यांसारखी सामायिक संपत्ती शासनाच्या ताब्यात किंवा खाजगी मालकीत न देताही लोक स्वतःच्या नियमांनी टिकवू शकतात. या कार्यासाठी त्यांना 2009 चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. शार्लट हेस यांच्यासह 2007 मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात त्यांनी हाच विचार ज्ञानाला लावला. मुक्त आज्ञावली हे अशा ज्ञानसंपत्तीचे ठळक उदाहरण होय. त्यामुळे विहिरीच्या पाण्याचा हिशेब मांडणारे गाव आणि आज्ञावलीचा साठा वाटून घेणारा विकसक समुदाय यांची तुलना केवळ अलंकारिक राहत नाही, तर ती सैद्धांतिक पायावर उभी राहते.

2. हिवरे बाजार : मोजणी आणि निर्णय

नगर तालुक्यातील हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. वार्षिक पाऊस सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास आणि क्षेत्र सुमारे 975 हेक्टर. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाल्यानंतर आणि पुढे आदर्श गाव योजनेत गावाची निवड झाल्यानंतर तेथे पाणलोटाची कामे झाली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन व श्रमदान या सूत्रांना गावाने सिंचनासाठीच्या बोअरवेलवरील बंदीची जोड दिली. ऊस व केळी यांसारख्या अधिक पाणी पिणाऱ्या पिकांना मज्जाव केला. बाहेरच्या व्यक्तीला जमीन विकायची नाही, असाही दंडक घालून घेतला. पोपटराव पवार यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, हे सर्वज्ञात आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब म्हणजे भूजल विभागाच्या साहाय्याने दरवर्षी मांडला जाणारा पाण्याचा ताळेबंद. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. या हिशेबाने 975 हेक्टरवर 400 मिलिमीटर पाऊस झाल्यास गावाच्या शिवारात सुमारे 390 कोटी लिटर पाणी पडते. त्यातून बाष्पीभवन व वाहून जाणारे पाणी वजा करायचे, निरीक्षण विहिरींची पातळी पाहायची, माणसे व जनावरे यांच्या पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यावर रब्बीची पिके ठरवायची. हा ताळेबंद ग्रामसभेसमोर मांडला जातो व पीकरचना तेथे ठरते.

हे गणित संगणकाच्या दृष्टीने अत्यंत सोपे आहे. पदवीच्या प्रथम वर्षाचा विद्यार्थीही काही ओळींत त्याची आज्ञावली लिहू शकेल. अवघड आहे ते गणितानंतरचे पाऊल : पाऊस कमी झाला म्हणून आपल्या शेतात पेरणी कमी करायची, हे मान्य करणे. पर्जन्यमापकाने आकडा दिला, पण निर्णय दिला ग्रामसभेने. मोजणीचे साधन आणि निर्णयाची संस्था यांतील हा भेद ॲपविषयीच्या उत्साही चर्चेत बहुधा विसरला जातो.

3. विकसकांची साधने : उपलब्धता आणि अडसर

अँड्रॉइड प्रणाली 2008 मध्ये बाजारात आली आणि तिचा मूळ आज्ञावली-संच मुक्त परवान्याखाली खुला झाला. त्याच वर्षी ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ हे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ सुरू झाले. त्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठात ‘ओपन डेटा किट’ या प्रकल्पाचा प्रारंभ झाला. क्षेत्रीय पाहणीसाठी हे साधन विशेष उपयुक्त ठरले, कारण त्यात आज्ञावली न लिहिता साध्या तक्त्यातून प्रश्नावली तयार करता येते, प्रत्येक प्रश्नासाठी मराठीचा स्वतंत्र रकाना ठेवता येतो आणि नेटवर्क नसताना भरलेली माहिती फोनमध्ये साठवून नंतर पाठवता येते. ‘ओपनस्ट्रीटमॅप’चे मुक्त नकाशे, ‘नोटो’ व ‘मुक्त’सारखे देवनागरी टंक यांची भर घातली, तर एखाद्या गावाच्या विहिरींची नोंद ठेवणारे ॲप जवळजवळ विनाशुल्क साधनांवर उभे राहू शकते.

तथापि साधने खुली असणे आणि वाट खुली असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. तयार ॲप लोकांपर्यंत पोहोचते ते मुख्यतः गूगलच्या भांडारातून. तेथे नोंदणीसाठी एकदाच 25 डॉलर भरावे लागतात, तर ॲपलकडे दरवर्षी 99 डॉलर. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने आणखी एक अट घातली : ॲप प्रकाशित करण्यापूर्वी किमान 20 व्यक्तींनी सलग 14 दिवस त्याची चाचणी घेतलेली असावी. डिसेंबर 2024 मध्ये ही संख्या 12 वर आणली गेली. निकृष्ट व फसव्या ॲपांना आळा घालण्याचा हेतू समर्थनीय आहे. परंतु मोठ्या शहरातील विकसकाला बारा परीक्षक सहकाऱ्यांमधून मिळतात, तर तालुक्याच्या गावातील एकट्या विद्यार्थ्याला ते शोधावे लागतात. समुदाय ही पूर्वी सोयीची गोष्ट होती. आता ती प्रवेशाची अट झाली आहे. शिवाय प्रणालीच्या नव्या आवृत्तीनुसार ॲप वेळोवेळी अद्ययावत करण्याचे बंधन असते. म्हणजेच ॲप ही एकदा बांधून सोडून देण्याची वास्तू नसून दरवर्षी गाळ काढावा लागणारा बंधारा आहे.

4. भाषेचा प्रश्न

‘ॲप’ हा शब्द मराठीत नीट लिहिण्यासाठी लागणारे ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली समाविष्ट झाले. तोपर्यंत ‘अ’वर चंद्र जोडून वेळ भागवली जात असे आणि ती सवय अद्याप टिकून आहे. परिणामी डोळ्यांना एकच दिसणारा शब्द संगणकाला दोन भिन्न शब्द वाटतो आणि शोधात सापडत नाही. ‘ऱ्हास’मधील र, मराठी वळणाचे ल व श यांच्या बाबतीतही विकसकाला जाणीवपूर्वक दक्षता घ्यावी लागते. महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये प्रमाण मराठी वर्णमालेसंबंधी निर्णय काढला. पण तो ॲप बनवणाऱ्या किती विद्यार्थ्यांच्या वाचनात येतो, हा प्रश्नच आहे.

याहून गंभीर अडचण शिकण्याच्या भाषेची आहे. स्टॅक ओव्हरफ्लोने इंग्रजीखेरीज पोर्तुगीज, रशियन, जपानी व स्पॅनिश भाषांत स्वतंत्र स्थळे चालवली. एकाही भारतीय भाषेत नाही. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी आज्ञावलीतील चूक ओळखतो, परंतु ती इंग्रजीत नेमकी विचारता न आल्याने गप्प बसतो. नोव्हेंबर 2022 नंतर संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी ही उणीव काही अंशी भरून काढली, कारण त्यांना मराठीत प्रश्न विचारता येतो. मात्र त्याचा तोटाही लक्षात घेण्याजोगा आहे. सार्वजनिक ठिकाणी विचारलेला प्रश्न व त्याचे उत्तर पुढील शेकडो जणांच्या कामी येते. यंत्राशी एकांतात झालेला संवाद कोणाच्याही उपयोगी पडत नाही. प्रत्येकाने आपल्या बांधावर स्वतंत्र बोअरवेल घ्यावी आणि गावाची विहीर ओस पडावी, तसा हा प्रकार आहे.

आशादायक उदाहरणेही आहेत. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने 2022 मध्ये ‘महाकॉर्पस’ हा मराठी मजकुराचा संग्रह व त्यावर आधारित भाषिक प्रतिमाने खुली केली. केंद्र शासनाच्या ‘भाषिणी’ या उपक्रमातून अनुवाद व वाणी-ओळख यांची साधने मिळू लागली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या गौरवाला आशय द्यायचा असेल, तर ग्रंथसंपादनाबरोबरच तांत्रिक मार्गदर्शिकांच्या मराठीकरणाचाही विचार व्हावयास हवा.

5. वापरकर्ता : व्यक्ती की गाव?

महाराष्ट्र शासनाने 15 ऑगस्ट 2021 पासून ‘ई-पीक पाहणी’ प्रकल्प राज्यभर राबवला. शेतकऱ्याने आपल्या पिकाचे छायाचित्र काढून स्वतः नोंद करावी, ही कल्पना नोंदीचा अधिकार शेतकऱ्याकडे देणारी असल्याने निश्चितच स्वागतार्ह होती. परंतु तिची रचना पाहिली, तर माहितीचा प्रवाह व्यक्तीकडून राज्याकडे जातो. गावाने एकत्र बसून ‘यंदा आपल्या शिवारात कांदा किती व ज्वारी किती’ हे पाहावे आणि त्यावरून पाण्याचा निर्णय घ्यावा, हा त्या रचनेचा मूळ हेतू नव्हता.

25 डिसेंबर 2019 रोजी सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांतील ग्रामपंचायतींना पाण्याचा ताळेबंद व जलसुरक्षा आराखडा करण्यास प्रवृत्त केले गेले. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावपातळीवरील ताळेबंदासाठी आयआयटी मुंबईचे साहाय्य घेतले गेले. ‘फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी’ या संस्थेच्या ‘क्लार्ट’ ॲपने जलपुनर्भरणासाठी योग्य जागा कोणती, याचे मार्गदर्शन क्षेत्रीय कार्यकर्त्याच्या फोनवर आणले. या साऱ्या प्रयत्नांचे मोल मान्य करूनही एक मूलभूत मर्यादा राहते. मोबाईलची संपूर्ण रचनाच एक फोन, एक खाते, एक व्यक्ती या गृहीतकावर उभी आहे. ग्रामीण कुटुंबात फोन अनेकदा सामायिक असतो आणि पाण्याचा निर्णय तर संपूर्ण गावाचा असतो. ‘ग्रामसभा’ नावाचा वापरकर्ता विकसकांच्या कोणत्याही मार्गदर्शिकेत आढळत नाही. ठराव मांडणे, हरकत घेणे, दुरुस्ती सुचवणे, बहुमत नोंदवणे यांसाठी तयार घटक उपलब्ध नसतील, तर विकसक साहजिकच तयार मिळणारा प्रश्नावलीचा अर्ज वापरतो आणि गावकरी केवळ माहिती भरणारे ठरतात.

6. समुदाय म्हणजे राखण

पाणी उपसले की कमी होते; आज्ञावलीची प्रत घेतल्याने ती कमी होत नाही. हा फरक मान्य केलाच पाहिजे. मात्र आज्ञावली सांभाळणाऱ्यांचा वेळ उपसला की कमी होतो. डिसेंबर 2021 मध्ये ‘लॉग-फोर-जे’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या घटकात गंभीर दोष उघड झाला, तेव्हा त्याची देखभाल मूठभर स्वयंसेवक करीत असल्याचे सर्वांच्या लक्षात आले. उपसा सर्वांचा आणि श्रमदान थोड्यांचे, ही स्थिती कोणतीही सामूहिक संपत्ती फार काळ सोसू शकत नाही.

महाराष्ट्रात विकसकांच्या समुदायाची परंपरा नाही असे नाही. पुण्यातील लिनक्स वापरकर्त्यांचा गट व सिंबायोसिस संस्थेत अनेक वर्षे भरलेला ‘ग्नुनिफाय’ मेळावा यांनी 2000 नंतरच्या काळात विद्यार्थ्यांची एक पिढी मुक्त आज्ञावलीकडे वळवली. आज गूगलच्या पुढाकाराने महाविद्यालयांतून विद्यार्थी-विकसकांचे गट चालतात. त्यांचा उपयोग आहे. परंतु कंपनीच्या उत्पादनाभोवती जमलेला समुदाय आणि सामायिक संपत्तीच्या राखणीसाठी जमलेला समुदाय यांत अंतर आहे. पहिल्याला पाहुणे व प्रमाणपत्रे मिळतात; दुसऱ्याला नियम करावे लागतात व ते पाळावे लागतात.

येथे हिवरे बाजारचीही चिकित्सा आवश्यक आहे. दीर्घकाळ टिकलेले एकच समर्थ नेतृत्व, लहान लोकसंख्या आणि योजनांचा सुसूत्र लाभ यांमुळे तेथील नियम टिकले. सीमा निश्चित असलेल्या गावाचे नियम सीमाहीन समुदायाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. बाहेरच्याला जमीन न विकण्याचा दंडक मुक्त आज्ञावलीच्या तत्त्वाशी तर थेट विसंगत आहे. घेण्याजोगी गोष्ट नियमांची यादी नसून पद्धत आहे : आधी मोजावे, ते सर्वांसमोर मांडावे, मूलभूत गरज प्रथम भागवावी आणि उरलेल्याचे वाटप मिळून ठरवावे.

7. महाविद्यालयांची जबाबदारी

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात प्रकल्प सक्तीचा असतो. मौखिक परीक्षा आटोपली की यांपैकी बहुतेक प्रकल्पांचे आयुष्य संपते आणि पुढील वर्षीची तुकडी पुन्हा पहिल्या ओळीपासून आरंभ करते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार क्षेत्र प्रकल्प व सामुदायिक सहभाग यांना श्रेयांक मिळू लागल्याने ही स्थिती बदलण्याची संधी निर्माण झाली आहे. विभागाने एकच ॲप अनेक वर्षे चालवावे. नव्या तुकडीला नवे ॲप करण्याबरोबरच जुन्यातील दोष दूर केल्याबद्दल व मराठीत मार्गदर्शिका लिहिल्याबद्दलही गुण द्यावेत. मराठी विभागाने परिभाषेची, भूगोल विभागाने पाणलोटाच्या नकाशांची आणि अर्थशास्त्र विभागाने ताळेबंदाची जबाबदारी उचलावी. भांडाराला हवे असलेले बारा परीक्षक एका गावातून मिळाले, तर चाचणीही खरी होईल आणि गावाचा अभिप्रायही मिळेल. शिक्षकाच्या कार्यभारात मात्र या देखभालीचे तास मोजले जात नाहीत. ते मोजले जाईपर्यंत हे काम व्यक्तिगत हौसेवरच अवलंबून राहील.

8. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते, की ॲप विकसकांच्या साधनांचा तुटवडा ही आजची मुख्य समस्या नाही. साधने विपुल आहेत. त्यांच्या राखणीचा, भाषेचा आणि निर्णयाधिकाराचा हिशेब मांडलेला नाही. हिवरे बाजारमध्ये पाऊस वाढला म्हणून पाणी टिकले असे नाही. पडणाऱ्या पावसाचा हिशेब गावाने स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या सभेत मांडला म्हणून ते टिकले. ग्रामीण महाराष्ट्रासाठी ॲप घडवू पाहणाऱ्या विकसकांनी व त्यांना घडवणाऱ्या महाविद्यालयांनी आपल्या ज्ञानसंपत्तीचाही असा वार्षिक ताळेबंद मांडावा : किती घेतले, किती परत दिले, कोणते जुने काम दुरुस्त केले आणि त्यातील किती मराठीत आहे. हा हिशेब मांडला गेला नाही, तर गावोगावी ॲप पोहोचतील. पण गावाच्या हाती निर्णय येणार नाही.