आदिलशाही लारी आणि रशियन कोपेक : तारेच्या नाण्यांच्या मूल्यमापनाचा प्रश्न

दख्खनच्या मध्ययुगीन नाण्यांची चर्चा करताना आदिलशाहीच्या ‘लारी’ या चांदीच्या नाण्याकडे बहुधा एक चमत्कारिक वस्तू म्हणून पाहिले जाते. मधोमध दुमडलेली तार आणि तिच्यावर अर्धवट उमटलेली फारसी अक्षरे, एवढेच तिचे बाह्यरूप. मोगली रुपयाची गोलाई व सुलेखन डोळ्यांसमोर ठेवले की लारी ओबडधोबड ठरते. परंतु येथे मोजपट्टीच दुसऱ्या नाण्याची आहे.

या संदर्भात रशियन कोपेकशी केलेली तुलना अधिक उद्बोधक ठरते. १५३५ मध्ये, बालराजा चौथ्या इव्हानची आई येलेना ग्लिन्स्काया कारभार पाहत असताना, तेथे चलनसुधारणा झाली. चांदीच्या तारेचे तुकडे चपटे करून त्यांवर ठसा मारीत. नोव्हगोरोदच्या नाण्यावर भालाधारी घोडेस्वार असे. रशियन भाषेत ‘कोप्यो’ म्हणजे भाला, त्यावरूनच कोपेक हे नाव आले असे सामान्यतः मानतात. नाणे जेमतेम ०.६८ ग्रॅमचे, माशाच्या खवल्याएवढे. ठसा धातूपेक्षा मोठा असल्याने कोठे घोड्याचे तोंड निसटते, कोठे भाल्याचे टोक. तरीही ही पद्धत पीटर द ग्रेटच्या काळापर्यंत टिकली.

लारीचे नाव इराणमधील लार या प्रदेशावरून आले. होर्मुझच्या व्यापारातून हा प्रकार अरबी समुद्राच्या किनाऱ्यांवर पसरला व आदिलशाहीत तो दाभोळसारख्या बंदरांशी निगडित राहिला. दुसऱ्या अली आदिलशहाच्या (१६५६–१६७२) लारीचे वजन सुमारे पावणेपाच ग्रॅम भरते. कोपेकवर सत्ता स्वाराच्या रूपाने दिसते. लारीवर चित्रच नाही. व्यापाऱ्याला हवी होती शुद्ध चांदी आणि हाताला ओळखू येणारा आकार. तो वाकच तिची खूण होय. राजनामाची द्वाही म्हणून मात्र लारी दुबळी आहे, हे मान्य केले पाहिजे.

सोलापूरच्या किल्ल्यासाठी निजामशाही व आदिलशाही दीर्घकाळ झगडल्या. या भागाचा इतिहास त्यामुळे तटबंदीच्या अंगाने लिहिला गेला. त्याच आदिलशाहीची समुद्राकडची बाजू लारी दाखवते. म्हणूनच सूचीत तिच्यापुढे ‘अक्षरे अस्पष्ट’ असा शेरा मारून थांबणे उचित नव्हे. एका लारीवर अक्षराचा जो भाग सुटतो तो दुसरीवर सापडू शकतो. एकसारख्या ठशाच्या लाऱ्या शेजारी मांडल्यावरच मजकूर जुळू लागतो.