दुपटे वाचायचे कोणी?

गोधडीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे तिच्या उबेविषयी आहे. ‘मायेची ऊब’ हे शब्द तिला असे काही चिकटले आहेत की कवितेत गोधडी आली की पाठोपाठ ते येणार, हे वाचकाने आधीच ओळखावे. या भाषेने एक गोष्ट मात्र झाकून टाकली आहे. गोधडीत जाण्यासाठी वस्त्राला आधी फाटावे लागते, नाहीतर कोणीतरी त्याला कात्री लावावी लागते.

हे सुचण्याचे निमित्त घरगुतीच आहे. नातीच्या बारशासाठी सूनबाईने आयुष्यातले पहिले दुपटे हाताने शिवायला घेतले. ती कन्नड घरातली. तिच्या तोंडी त्याचे नाव कौदी. आमच्याकडे मोठी असेल ती वाकळ आणि तान्ह्याचे ते दुपटे. बेळगावात हे सारे शब्द एकाच दोरीवर वाळत असतात. अस्तरासाठी माझ्या वडिलांचे मऊ झालेले धोतर आणि वरच्या चौकोनांसाठी मुलाचे शाळेतले सदरे मी हौसेने काढून दिले. तिने माहेराहून आजीच्या चोळीचा गुळेदगुड्डचा खण आणला. पण तिने माझ्या आईचे इरकली लुगडे मागितले, तेव्हा मी नाही म्हणाले. आईचे तेवढे एकच लुगडे उरले होते.

त्याच दिवसांत ॲलिस वॉकर यांची ‘एव्हरीडे यूज’ (१९७३) ही कथा पुन्हा वाचण्यात आली. अमेरिकेच्या दक्षिणेकडील एका कृष्णवर्णीय कुटुंबातील आई आणि तिच्या दोन मुली यांची ही कथा. आजीच्या जुन्या पोशाखांचे आणि आजोबांच्या सदऱ्यांचे तुकडे जोडून केलेल्या दोन गोधड्या घरात आहेत. यादवी युद्धात लढलेल्या पणजोबांच्या गणवेशाचा काड्यापेटीएवढा निळा तुकडाही त्यांत आहे. शिकून शहरात गेलेल्या डीला त्या भिंतीवर टांगायच्या आहेत. धाकट्या मॅगीला दिल्या तर ती त्या रोज वापरून फाडून टाकील, ही तिची तक्रार. शेवटी आई त्या मॅगीलाच देते.

ही कथा वाचणारा सहसा डीला दोष देऊन मोकळा होतो. मीही पूर्वी तसेच केले होते. या खेपेस ते जमले नाही, कारण भिंत नसली तरी ट्रंक माझ्याकडेही होती. शिवाय डीचे म्हणणे अगदीच खोटे नाही. वापराने कापड विरते. तान्ह्या मुलाच्या दुपट्याइतके तर काहीच लवकर विरत नाही. ते रोज भिजते, रोज धुतले जाते, उन्हात पडते. लेखिकेने डीच्या या युक्तिवादाला थोडे अधिक बळ द्यायला हवे होते, असे मला वाटते. तिने पूर्वी देऊ केलेली गोधडी जुनाट म्हणून नाकारली होती, हा तपशील घालून लेखिका पारडे आधीच झुकवून ठेवते.

कथेचा खरा गाभा मला मॅगीच्या एका वाक्यात सापडतो. आजीची आठवण ठेवायला मला गोधडी लागत नाही, अशा आशयाचे काहीतरी ती बोलून जाते आणि गोधड्या बहिणीला द्यायला तयार होते. तिला गोधडी शिवता येते, आजीनेच शिकवलेली. म्हणजे आठवण कापडात नाही, हातात आहे. कापड गेले तरी हात दुसरे शिवतील. डीजवळ गोधडी राहिली असती. तो हात तिच्याकडे नव्हता.

याच्या अगदी उलट टोकाला जसीमुद्दीन यांचे ‘नक्शी काँथार माठ’ (१९२९) हे बंगाली कथाकाव्य आहे. त्यातली साजू परागंदा झालेल्या नवऱ्याची वाट पाहत दोघांचे आयुष्य सुईने कंथेवर काढते आणि मरणानंतर ती आपल्या कबरीवर पसरायला सांगते. ती कंथा अनोळखी माणसालाही वाचता येते, कारण तिच्यावर चित्रे आहेत. आमच्या दुपट्यावर चित्र नाही. निळा चौकोन हा केवळ निळा चौकोन असतो. तो कोणाचा, हे सांगणारे माणूस गेले की तो मुका होतो. त्यामुळे ‘दुपट्यात आठवणी शिवल्या’ हे वाक्य आपण फार सहज लिहितो. शिवले जाते ते कापड. आठवण शेजारी बसून सांगावी लागते.

आमच्या शेजारच्या हल्याळ-यल्लापूर भागातील सिद्दी स्त्रिया आपल्या कवंदीच्या कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी ‘फुले’ लावतात. कडेपासून शिवत शिवत त्या मध्याकडे येतात आणि ही फुले नसली तर कवंदी त्यांना उघडी वाटते. त्या फुलांना काही सांगायचे असते असे मला वाटत नाही. काम पुरे झाले, एवढेच ती दाखवतात. आणि तेही थोडके नव्हे.

शेवटी लुगडे दिले. पदर घे, असे मी सुचवले. इरकलीचा लाल पदर कोणालाही आवडावा. तिने मात्र मधला, चुलीच्या ठिणगीने जळून रफू केलेला भाग मागितला. इतर सगळे कापड नुसते सुंदर आहे, इथे काहीतरी घडलेले दिसते, असे तिचे म्हणणे. साहित्याचा अभ्यास करून मला जे उशिरा कळले ते तिने सुई हातात घेताच ओळखले होते.

तो रफू आता दुपट्याच्या मध्यावर आहे. पहिल्याच धुण्यात इरकलीचा रंग वडिलांच्या धोतरावर उतरला आणि नातीला चघळायला नेमका खणाचाच कोपरा सापडतो. ठिणगीची हकिगत मी सूनबाईला दोन दुपारी बसून सांगितली. तिने ती वहीत लिहून घेतली आहे, कन्नडमध्ये.