नव्या संसाराचा ताळेबंद

मराठी वाचकाला एखादे पुस्तक फार आवडले, की तो त्यावर एक शिक्का मारतो आणि ते कपाटात ठेवून देतो. बँकेत पैसे दिल्यावर चेकवर शिक्का बसतो ना, तसाच. शिक्का बसला की त्या कागदाकडे पुन्हा कोणी ढुंकून पाहत नाही. पाहिलेच तर ऑडिटर पाहतो, आणि तेही चहा येईपर्यंत. 'श्यामची आई'वर 'रडवणारे' असा शिक्का आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वर 'हसवणारे' असा आहे. दोन्ही पुस्तके आगेमागेच आली. 'श्यामची आई' १९३५ सालची, 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघाले.

आता आमचे अमळनेर पडले साने गुरुजींचे गाव. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे ते इथल्या शाळेत शिकवत होते. तेव्हा पहिल्या शिक्क्याविरुद्ध ब्र काढायची इथे सोय नाही. 'श्यामची आई' वाचून डोळे पुसणे हे आमच्याकडे घरपट्टी भरण्याइतके सक्तीचे, आणि घरपट्टीपेक्षा जास्त नियमाने पार पाडले जाणारे, नागरी कर्तव्य आहे. पण दुसऱ्या शिक्क्याबद्दल माझी तक्रार आहे. ती मी एका बी. कॉम. माणसाला जमेल तशीच मांडणार, म्हणजे जमा-खर्चाच्या अंगाने. साहित्याच्या प्राध्यापकांनी तेवढा वेळ पेपर तपासून घ्यावेत.

या विचाराला निमित्त झाले अमेरिकेतल्या मॉर्मन लोकांचे. जोसेफ स्मिथने १८३० साली स्थापन केलेला हा पंथ. पुढे १८४७ पासून यूटामध्ये वस्ती करून राहिला. त्या पंथातल्या तरुण जोडप्याचा नवा संसार कसा चालतो, याविषयी मध्यंतरी काहीबाही वाचनात आले. ते मी सौ.ना वाचून दाखवू लागलो.

"यांच्यात चहा पीत नाहीत," मी म्हणालो.

"मग कॉफी देत असतील."

"कॉफीही नाही. १८३३ सालच्या धर्माज्ञेने दारू, तंबाखू, चहा, कॉफी, सगळे बंद."

"आणि पाहुणे येतात तरी?"

पुढे होते, की उत्पन्नाचा दहावा हिस्सा धर्मसंस्थेला द्यायचा. तो महागाई भत्ता धरून की मूळ पगारावर, हा माझ्या मनात आलेला पहिला प्रश्न. बँकेतल्या माणसाच्या मनात यापेक्षा उदात्त प्रश्न पहिल्या झटक्यात येत नाही. पुढचा नियम असा, की सोमवारची संध्याकाळ कुटुंबासाठी राखून ठेवायची. सगळ्यांनी घरी एकत्र बसायचे.

"म्हणजे नवरा संध्याकाळी घरात?" सौ. म्हणाल्या. "मग चहा नसला तरी चालेल हो."

आमच्या गावात सोमवारला नसले, तरी मंगळवारला महत्त्व आहे. इथे मंगळ ग्रहाचे मंदिर आहे, आणि पत्रिकेत मंगळ निघालेली वधू-वर मंडळी मंगळवारी लांबलांबून येतात. थोडक्यात, आमच्याकडे धर्म लग्नाच्या आधीच लक्ष घालतो आणि त्यांच्याकडे लग्नानंतर स्वयंपाकघरात येऊन बसतो, असे काहीतरी मी बोलून गेलो. त्यावर सौ. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आपल्याकडे नंतर येत नाही होय? अन् हे चहा बंद, दहावा हिस्सा वगैरे त्या नव्या नवरीला कोणी आधी विचारलं होतं का?"

आता, ती मॉर्मन मुलगी बहुधा त्याच पंथात वाढलेली असते. तिला सारे ठाऊक असते. पण प्रश्न अमेरिकेपुरता नाही. नवऱ्याचा धर्म स्वयंपाकघरात शिरला, की तो खर्च कुणाच्या खात्यावर पडतो? याची मराठीतली दोन उत्तम उत्तरे दोन नवऱ्या मुलींनी पुढे म्हातारपणाकडे झुकल्यावर लिहून ठेवली आहेत. एक रमाबाई रानडे, दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

रमाबाईंचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० सालचे. लग्न १८७३ मध्ये झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि रानडे एकतीस वर्षांचे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून हे लग्न केले. प्रार्थना समाजाचा हा पुढारी. त्याने लगेच बायकोला शिकवायला घेतले. म्हणजे सुधारणा नवऱ्याची. आणि त्याबद्दल घरातल्या बायकांची बोलणी खायची ती बायकोने. तो दिवसभर कोर्टात, ही दिवसभर माजघरात. इंग्रजी वाचल्याबद्दल माजघरात जे खटले चालत, ते न्यायमूर्तींच्या कोर्टात कधी आलेच नाहीत.

या संसारातही चहा आहेच. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये बड्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. हा घाट घातला होता डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी, आणि नंतर नावे छापून आणण्याची व्यवस्थाही त्यांचीच. नावांत रानडेही होते, लोकमान्य टिळकही होते. गंमत पाहा, त्याच १८९० साली मॉर्मन पंथाने एकापेक्षा जास्त बायका करण्याची चाल अधिकृतपणे थांबवली. तिकडे एवढा मोठा निर्णय झाला आणि इकडे आम्ही कपबशीवर अडलो! पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. हा सगळा काळ सांगताना रमाबाईंचा सूर भक्तीचा आहे. त्यांच्या वहीत नवऱ्याच्या नावाची जमेची बाजू पानेच्या पाने भरली आहे. नावेची बाजू शोधायची तर ओळींच्या मधे शोधावी लागते. पुस्तक थोर आहे, पण आमच्याकडे असे खाते आले तर साहेब विचारतील, "यात खर्च कुठाय?"

लक्ष्मीबाईंचे खाते वेगळे. जन्म १८६८, लग्न अकरा-बारा वर्षांच्या असताना, नवरा नारायण वामन टिळक. कवी, विद्वान, रागीट, दिलदार. खिशात पैसा टिकत नाही आणि स्वतः एका गावात टिकत नाही. १८९३ च्या सुमारास राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका मिशनऱ्याची गाठ पडली, त्याने बायबल दिले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळक ख्रिस्ती झाले. लहान दत्तूला घेऊन लक्ष्मीबाईंनी पुढची चार-पाच वर्षे नातेवाइकांच्या आधाराने, सोवळे सांभाळत काढली. मग त्या नवऱ्याकडे परतल्या, तरी खाण्यापिण्याची शिवाशिव पाळतच. पुढे जाती माणसाने केल्या, देवाने नव्हेत, हे त्यांचे त्यांना पटले, तेव्हा ती सुटली. आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

शाळेच्या पुस्तकातल्या धड्यांतून भेटलेल्या लक्ष्मीबाई आपल्याला 'भोळ्या, खेळकर' वाटतात. विसराळू नवरा, त्याची फजिती करणारी बायको, तास संपला, घंटा झाली. १९८३ साली विजया मेहतांनी दूरदर्शनसाठी 'स्मृतिचित्रे' केले, तेव्हा सुहास जोशींच्या लक्ष्मीबाई पाहून पुष्कळांना कळले, की या हसण्याखाली काहीतरी आहे. ते काय आहे, हे पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहिलेले आहे.

लक्ष्मीबाई पुस्तक स्वतःच्या लग्नापासून सुरू करत नाहीत. त्या वडिलांच्या सोवळ्यापासून सुरू करतात. १८५७ च्या धामधुमीत घरावर आलेल्या आघातानंतर हे सोवळे वाढत वाढत इतके गेले, की घरात आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, मीठसुद्धा! मीठ धुतल्यावर उरते काय, हे कॉमर्सवाल्यालाही कळते. आपण खोखो हसतो. पण ते धुणे काढणारी बाई कोण होती? लक्ष्मीबाईंची आई. धर्म वडिलांचा, पाणी आईचे.

ही नोंद पहिल्या पानांवर टाकून मग लक्ष्मीबाई टिळकांकडे वळतात. आता दोघांकडे एकत्र पाहा. सासरा धर्मासाठी मीठ धुतो. जावई धर्मासाठी घरदार सोडतो, हातातला पैसा वाटून टाकतो. एक सनातनी, दुसरा बंडखोर. तुम्ही-आम्ही यातल्या एकाला हसतो आणि दुसऱ्याला हार घालतो. लक्ष्मीबाई दोघांनाही एकाच सुरात हसतात आणि दोघांवरही सारखीच माया करतात. त्यांच्या खतावणीत दोघांचे सदर एकच: पुरुषांचा धर्म, बायकांचे कष्ट. हे भोळेपणाने जमत नाही. अशी मांडणी करणारी बाई ऑडिटर म्हणून आली, तर आमच्या निम्म्या शाखा बंद होतील.

आणखी एक. त्या नवऱ्याच्या नावे पैन् पै टाकतात, पण व्याज लावत नाहीत. टिळक १९१९ साली गेले. ज्याच्यापायी एवढे सोसले, त्याचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. म्हणूनच त्यांचे हसणे कडू होत नाही, आणि म्हणूनच आपण फसतो. बिलावर सही हसतमुखाने केली आहे, तेव्हा रक्कम किरकोळच असणार, असे आपण धरून चालतो.

दोष काढायचाच तर हाच काढीन. काही प्रसंगी लक्ष्मीबाईंनी जरा थांबावे असे वाटते. टिळकांचा राग कोसळतो, पोर कडेवर असते, उद्याच्या पिठाची सोय नसते, आणि बाई एक वाक्य टाकून पुढच्या गमतीकडे निघून जातात. वाचकाला अवघडल्यासारखे होऊ नये, एवढी काळजी पाहुणचार करणाऱ्या बाईने घ्यावी. लिहिणाऱ्या बाईने घेऊ नये. रमाबाईंनी भक्तीने जे झाकले, ते लक्ष्मीबाईंनी कधीकधी विनोदाने झाकले, एवढे म्हणायला हरकत नाही. मात्र त्यांचे झाकण पातळ आहे. वाफ दिसते.

माझ्या माहितीच्या एका वाचनालयात हे पुस्तक विनोदाच्या कपाटात असते. ते तिथून हलवावे असा अर्ज मी केला. ग्रंथपाल म्हणाले, "मग ठेवू कुठं साहेब? आत्मचरित्राच्या कपाटात जागा नाही, धर्माच्या कपाटात कोणी नेणार नाही." त्यांचेही बरोबर आहे. मी म्हटले, राहू द्या. तिथून निदान नेले तरी जाईल. फक्त नेणाऱ्याने एक करावे. जिथे जिथे खूप हसू येईल, तिथे पेन्सिलीने समासात लिहावे, की त्या वेळी पाणी कोण भरत होते.

पेन्सिलीनेच लिहा. पुस्तक वाचनालयाचे आहे.