म्हणाला की म्हणाले?

कथेतील संवादाची चर्चा निघाली की आपले समीक्षक बोलीविषयी भरभरून लिहितात. संवादाला जोडलेल्या ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ या शब्दांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नवोदित कथाकारांना तर हा शब्द इतका रुक्ष वाटतो की त्यांची पात्रे उद्गारतात, खेकसतात, गरजतात. साधे म्हणत काहीच नाहीत. “चालता हो!” या शब्दांतच राग आहे. त्यापुढे ‘तो संतापून गरजला’ असे लिहिणे म्हणजे वाचकावर अविश्वास दाखवणे होय. “येतो मी,” यातून आवाज कळत नाही. तिथे ‘पुटपुटला’ शोभते.

मराठीत हे क्रियापद आणखीही काम करते. त्यातून बोलणाऱ्याचे लिंग, वचन आणि त्याला दिलेला आदर कळतो. एक स्त्री आणि एक पुरुष बोलत असतील तर नावे पुनःपुन्हा लिहावी लागत नाहीत. ‘म्हटले’ किंवा ‘विचारले’ लिहिले की ही सोय जाते.

आदराचा प्रश्न अधिक गंभीर आहे. संवाद पात्राचा असतो. ‘म्हणाला’ हा शब्द निवेदकाचा. समजा, एकाच कथेत साठीचे मास्तर ‘म्हणाले’ आणि त्याच वयाचे अत्तरवाले चाचा ‘म्हणाला’. एखादे पात्र चाचांना अरेतुरे करत असेल तर तो त्या पात्राचा स्वभाव झाला. निवेदकाने एकेरी लिहिले की तो निवाडा ठरतो. हमीद दलवाई यांच्या ‘इंधन’प्रमाणे (१९६५) निवेदन प्रथमपुरुषी असेल, तर असा निवाडा निदान त्या ‘मी’च्या नावावर जमा होतो. तृतीयपुरुषी निवेदकाला तीही आड नसते.

मुस्लिम मराठी कथेलाही हा प्रश्न चुकत नाही. अम्मी ‘म्हणाली’ यात माया आहे. पण अब्बा ‘म्हणाले’ आणि त्यांच्याच वयाची धुणेवाली ‘म्हणाली’, तेव्हा काय आहे?

आपल्या दखनीत ‘बोलके’ हा शब्द आहे. मराठीतल्या ‘म्हणून’सारखा तो दुसऱ्याचे बोलणे आपल्या वाक्यात आणतो. पात्र तिसऱ्याचे बोलणे सांगत असेल तिथे तो वापरावा. ‘म्हणाला’ची गर्दी आपोआप कमी होते.

कथा लिहून झाली की एकदा केवळ ही क्रियापदे वाचत जावीत. कोणाला मान दिला आणि कोणाचा राहून गेला, हे तिथे उघड दिसते.