कारखाना नावाची शाळा

कोल्हापुरात खरी कॉर्नरपाशी कॅमेऱ्याचे स्मारक म्हणून एक स्तंभ उभा आहे. वाहनांच्या वर्दळीतून मान वर करून त्याकडे पाहणारे थोडेच असतात; परंतु ज्यांच्या स्मरणार्थ तो उभारला गेला ते बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, १६ जानेवारी १९५४ रोजी निवर्तले त्यास सात दशके उलटून गेली, तरीही या नगरीच्या कलेची आजची अवस्था काय, हा प्रश्न मनात येताच उत्तराचा आरंभ त्यांच्यापासूनच करावा लागतो. त्यांच्यामागे चित्रे राहिली, शिष्य राहिले, कीर्तीही राहिली. उस्तादाच्या हाताखाली राबत शिकण्याच्या ज्या कारखान्यात हे सर्व घडले तो कारखाना मात्र राहिला नाही, आणि माझ्या मते या कलेची सर्वांत मोठी हानी तीच आहे.

कोल्हापुरास चित्रकलेची परंपरा त्यांच्या आधीपासून होती. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून परत आले, शाहू महाराजांच्या दरबारचा आश्रय त्यांना लाभला, आणि कोटितीर्थाच्या परिसरात त्यांनी निसर्गाची अखंड आराधना केली. बाबूरावांच्या वाट्यास असे रीतसर शिक्षण आले नाही. लाकूड, दगड व हस्तिदंत यांवर हात चालविणाऱ्या पित्याच्या घरी १८९० मध्ये त्यांचा जन्म झाला आणि तेथेच त्यांची तालीम झाली. नात्यातले आनंदराव मेस्त्री हे त्यांचे सहाध्यायीही होते आणि ज्येष्ठ मार्गदर्शकही. या दोघांनी रंगविलेल्या पडद्यांची ख्याती नाटक मंडळ्यांत पसरली आणि ‘पेंटर’ ही बिरुदावली आडनावाच्या जागी कायमची बसली.

नाटकाचा पडदा रंगविणे म्हणजे काय, हे आज सांगावे लागते, इतके ते काम दृष्टीआड झाले आहे. मांजरपाटाचे पट्टे शिवून केलेले रंगमंचाएवढे कापड ताणून बसवायचे, त्यावर सरसाचा हात द्यायचा, आणि मग गेरू, पिवडी, काजळी, नीळ असे कोरडे रंग ऊन सरसात कालवून भराभर लावायचे. कारण सरस निवला की तो आळतो आणि कुंचला अडतो. यातली खरी कसोटी पुढेच असते. ओला असताना गडद दिसणारा रंग वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा समोर दिसतो तो रंग लावून चालत नाही, उद्या दिसणार आहे तो मनात धरून लावावा लागतो. शिवाय हाताच्या अंतरावर ज्या ठिकाणी नुसता फराटा दिसतो, त्याच ठिकाणी शेवटच्या रांगेतील प्रेक्षकास राजवाड्याचा खांब दिसला पाहिजे. हे ज्ञान वहीत उतरवून घेता येत नाही. सरस शिजविणारा पोर वर्ष-दोन वर्षे तेच करीत उस्तादाचा हात पाहतो, आणि एके दिवशी त्याच्या हाती कुंचला येतो.

याच शाळेतून कोल्हापूरचा चित्रपट जन्मास आला. आनंदराव १९१६ मध्ये अकाली गेले, तेव्हा दोघांनी आरंभिलेला कॅमेरा बनविण्याचा उद्योग अर्धवट होता. तो बाबूरावांनी शिष्य दामल्यांच्या साह्याने १९१८ मध्ये सिद्धीस नेला. फिल्मच्या प्रत्येक चौकटीच्या कडेला चार छिद्रे असतात. त्यांत यंत्राचा दात अचूक शिरून फिल्म पुढे ओढली गेली पाहिजे आणि प्रकाश पडतेवेळी ती क्षणभर निश्चल राहिली पाहिजे. केसभर चूक झाली तरी पडद्यावरचे चित्र थरथरते. लाकडाचा सांधा बिनफटीचा बसविण्यात ज्या हाताचा जन्म गेला, त्यालाच ही केसभराची किंमत ठाऊक असते. पुढे तानीबाई कागलकरांच्या द्रव्यसाह्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ झळकला, १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ आला. तेथे शांताराम घडले, दामले-फत्तेलाल घडले. १९२९ मध्ये कंपनी सोडून त्यांनी ‘प्रभात’ काढली, याचे गुरूस दुःख झाले असेलच. परंतु दामले-फत्तेलालांनी १९३६ मध्ये निर्माण केलेल्या ‘संत तुकाराम’मधील घर, अंगण, विठ्ठलमंदिर पाहताना मला प्रत्येक वेळी कोल्हापूरचाच कारखाना आठवतो. त्यातील भिंत ही खरी भिंत वाटते. भिंत कशी बांधतात हे जाणणाऱ्यांनी ती उभारलेली आहे.

येथे एक दोषही नमूद केला पाहिजे, कारण श्रद्धांजलीच्या भरात तो झाकणे बाबूरावांच्याच शिकवणीशी विसंगत होईल. बाबूरावांच्या तैलचित्रांत आतून उजळल्यासारखी दिसणारी मृदू त्वचा आणि पार्श्वभूमीत विरघळत जाणाऱ्या कडा आहेत. या मोहक शैलीचे अनुकरण कोल्हापुरात इतके झाले की, एके काळी शोध असलेली गोष्ट पाहता पाहता घराण्याचा शिक्का बनली. गुरूचा हात डोळ्यांसमोर अहोरात्र असला की शिष्याचा डोळा त्या हाताचा मांडलिक होतो. कारखान्याच्या शिक्षणाचा हा धोका मोठा आहे. यातून जे सुटले, त्यांत चंद्रकांत मांडरे यांचे नाव मी आवर्जून घेईन. नटाचा व्यवसाय सांभाळून त्यांनी निसर्गचित्रणाची स्वतःची वाट धरली, आणि राजारामपुरीतील त्यांच्या संग्रहालयात ती आजही पाहावयास मिळते.

आजची व्यवस्था निराळी आहे. १९६५ पासून कला संचालनालय आहे, एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा आहेत, पदविका आहेत, आणि त्यांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांना कलेचे दार उघडे केले हे उपकार थोडे नव्हेत. तथापि इंटरमीजिएटची श्रेणी दहावीच्या गुणांसाठी मिळवून कागद-पेन्सिल कायमची बाजूला ठेवणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. चित्र, शिल्प, नेपथ्य यांचे अभ्यासक्रम वेगवेगळे झाले, आणि ज्याला रंग कळतो त्याला लाकूड कळेनासे झाले. बाबूरावांचे बहुतेक मूकपट नष्ट झाले, पडदे तर केव्हाच जीर्ण होऊन गेले. तेव्हा त्यांची विद्या जपायची तर ती हातांतच जपावी लागेल.

ज्या गायक-नट केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळीसाठी मेस्त्री बंधूंनी पडदे रंगविले, तेही १८९० चेच, बाबूरावांच्याच वयाचे. त्यांच्या नावाचे कोल्हापुरातील नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, आगीत जळाले. या वास्तूच्या पुनर्उभारणीत तिच्यासाठी एक तरी पडदा हाताने रंगवून घ्यावा; कापड शिवण्यापासून सरस शिजविण्यापर्यंतचे सगळे काम कोल्हापुरातल्याच कलाशाळांतील मुलांकडून, जाणत्या रंगाऱ्याच्या देखरेखीखाली करवून घ्यावे, आणि रंग वाळल्यावर त्या मुलांना शेवटच्या रांगेत नेऊन बसवावे.