‘आम्ही’ आणि ‘आपण’ : घरगुती आठवणींच्या वाङ्मयाविषयी

बारसे, मुंज, लग्न, डोहाळजेवण, दीर्घ आजार आणि मरण यांच्या आठवणी आप्तेष्टांत बसून सांगणे, हा आपल्या समाजातील अतिशय जुना आणि आजही जिवंत असलेला कथनप्रकार आहे. लग्नघरी रात्री जेवणे आटोपली, की माजघरात जी बैठक जमते तिच्यात कोणाच्या लग्नात मांडव कसा उडाला, कोणाच्या मुंजीत भटजी कसे रुसले, याची उजळणी होते. गोष्ट सर्वांना ठाऊक असते; तरी ती पुन्हा सांगितली जाते आणि पुन्हा ऐकली जाते. या कथनाला श्रोता आधीच लाभलेला असतो, किंबहुना श्रोता हा त्या गोष्टीचा भागीदारच असतो. प्रश्न उद्भवतो तो ही गोष्ट कागदावर उतरते तेव्हा. ज्याने तो मांडव पाहिला नाही, ज्याला ते भटजी ठाऊक नाहीत, अशा परक्या वाचकापुढे ती आठवण कशाच्या बळावर उभी राहते? आपल्या समीक्षेने या प्रश्नाचा विचार पुरेसा केलेला नाही. घरगुती आठवणींची पुस्तके आपण सामाजिक इतिहासाची साधने म्हणून वापरतो. त्यांतून विवाहाचे वय, सोवळेओवळे, स्त्रीशिक्षण यांविषयीची माहिती वेचून घेतो आणि पुस्तक बाजूला ठेवतो. त्यांच्या वाङ्मयीन रूपाचा निवाडा मात्र लांबणीवर पडतो.

या निवाड्यासाठी एक साधन मराठी भाषेनेच आपल्या हाती दिलेले आहे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची रूपे दोन आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो सामावून घेतला जातो. गुजरातीत हा भेद ‘अमे’ आणि ‘आपणे’ या रूपांनी होतो, तमिळ व तेलुगू भाषांतही तो आहे. हिंदीतील ‘हम’ आणि बंगालीतील ‘आमरा’ यांना तो ठाऊक नाही. आपल्या कुटुंबव्यवहारात या दोन शब्दांचे मोल किती असते, हे सासरी आलेल्या कोणत्याही स्त्रीला सांगावे लागत नाही. प्रस्तुत लेखिका इंदूरच्या एका मराठी घरात सून म्हणून आली, तेव्हा पहिली काही वर्षे सासूबाईंचे वाक्य ‘आमच्याकडे गौरी अशा बसवतात’ असे असे. एका वर्षी, काहीही विशेष न घडता, त्या ‘आपल्याकडे’ म्हणाल्या. घरातील कोणत्याही समारंभाहून तो क्षण मला मोठा वाटला, आणि त्याची नोंद कोणत्याही कुलवृत्तांतात सापडणार नाही.

कुलवृत्तांताचा उल्लेख सहज आलेला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापून काढले. पिढ्यांचे वृक्ष, मूळ गाव, कुलदैवत, कर्त्या पुरुषांच्या नोकऱ्या व इनामे यांची नोंद त्यांत निगुतीने केलेली असते. मुलींची नोंद मात्र बहुधा सासरच्या आडनावापुरती. हे ग्रंथ उपयुक्त आहेत आणि त्यांमागील परिश्रमही आदरणीय आहेत. परंतु त्यांत आठवण नसते, दाखला असतो. ‘आम्ही कोण’ हे सांगण्यासाठी ते लिहिले जातात आणि ज्यांचे नाव वृक्षावर आहे त्यांनाच ते वाचावेसे वाटतात. घरगुती आठवणींचे वाङ्मय या दाखल्यापासून वेगळे होते ते कोठे, हे पाहण्यासाठी निरनिराळ्या काळांतील चार पुस्तकांकडे वळू.

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे पुस्तक १९१० साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. शीर्षकातील ‘आमच्या’ हा शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. तो पतिपत्नींचा आहे आणि वाचकाला उंबऱ्याबाहेर ठेवणारा आहे. १८७३ साली अकरा वर्षांची वधू एकतीस वर्षांच्या विधुर न्यायमूर्तींच्या घरी येते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या त्या पुरुषाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवलेली असते. तोच पुरुष तिला शिकवू लागतो आणि घरातील वडीलधाऱ्या बायका त्या शिक्षणाचा सूड रोजच्या बोलण्यातून उगवतात. या प्रसंगांत रमाबाईंची लेखणी विलक्षण नेमकी आहे. कोण कोठे बसले होते, कोण कोणाशी बोलणे टाळत होते, हे त्या माजघरातल्या साक्षीदाराच्या नजरेने टिपतात. पण पतीची मूर्ती समोर आली, की ही नजर खाली वळते. न्यायमूर्तींच्या १९०१ मधील मृत्यूपाशी ही कथा थांबते. त्यानंतर रमाबाई १९२४ पर्यंत जगल्या आणि पुण्याच्या सेवासदनाचे प्रचंड काम त्यांनी उभे केले. पुस्तक निघाले तेव्हा त्या कामाला आरंभ झालेला होता, परंतु ‘आमच्या’ या शब्दाच्या कक्षेत ते बसत नव्हते. येथे सांगणारी स्त्री श्रद्धेने सांगते आणि श्रोत्यानेही श्रद्धेनेच ऐकावे अशी तिची अपेक्षा असते. ही श्रद्धा खोटी नाही. मात्र तिच्यामुळे पुस्तकातील अर्धे जीवन उजेडात आणि अर्धे सावलीत राहते, हे समीक्षकाने नोंदवले पाहिजे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. तिचा उगम कौटुंबिक आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र लिहू इच्छिणाऱ्या मुलाने आईला तिच्या आठवणी लिहून काढण्यास सांगितले. म्हणजे पहिला श्रोता घरचा, आणि विषयही त्याचाच बाप. अशा लेखनातून एखादा स्मारकग्रंथ निपजला असता तर नवल नव्हते. तसे झाले नाही, कारण लक्ष्मीबाईंनी आप्तांतील दुसऱ्या प्रकारच्या बैठकीची भाषा उचलली. ती भाषा हसण्याची आहे. १८५७च्या धामधुमीत आईच्या वडिलांना फाशी झाली, आणि त्यानंतर वडिलांच्या सोवळ्याने असे रूप धारण केले की घरात येणारी जी ती वस्तू धुतल्यावाचून त्यांना शुद्ध वाटेना. एक भीषण घटना आणि तिच्यातून उपजलेले एक मनोदौर्बल्य यांचे हे वर्णन आहे, आणि ते वाचताना हसू आवरत नाही. या हसण्यात उपहास नाही. ज्यांच्यावर आपला जीव आहे त्यांच्या विक्षिप्तपणाची गोष्ट बहिणीबहिणी जशी सांगतात, तशी ही सांगितलेली आहे.

याच ठिकाणी नावाचा प्रश्न येतो. पतीचे नाव उच्चारू नये हा संकेत, आणि उखाणा ही त्या संकेतातील समारंभापुरती मिळालेली मोकळीक. रमाबाई हा संकेत मर्यादेने पाळतात. लक्ष्मीबाई आपल्या पतीला पानोपानी ‘टिळक’ म्हणतात. आडनावाचा हा वापर त्यांना एकाच वेळी आदर आणि अंतर दोन्ही देतो, आणि त्या अंतरामुळेच टिळकांचा संताप, त्यांचा विसराळूपणा, हातचे देऊन टाकण्याची त्यांची सवय ही सारी वाचकाला आपल्याच घरातील एखाद्या काकांची वाटू लागतात. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतरच्या ताटातुटीच्या वर्षांत लक्ष्मीबाईंना आप्तांचा आधार होता, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याच आप्तांच्या पंक्तीला त्या मुकल्या. ज्या स्त्रीचे ‘आम्ही’ असे मधोमध चिरले गेले, तिने लिहिलेल्या पुस्तकात ‘आपण’ सर्वांत मोठे व्हावे, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. पंगत मोडली म्हणून तिने वाचकांची पंगत मांडली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु ‘आपण’ फार सहज साधले तर काय होते, याचेही एक उदाहरण आपल्यासमोर आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. आश्रमातील मित्रांना श्याम रात्री आईच्या आठवणी सांगतो, अशी तिची बेचाळीस रात्रींची मांडणी आहे. श्रोते नात्याचे नाहीत, तरी ते घरच्यासारखे ऐकतात. मराठीतील असंख्य वाचकांनी ती आई आपली मानली, आणि पुस्तकाची ही शक्ती नाकारणे अरसिकपणाचे होईल. तथापि प्रत्येक रात्रीची आठवण एखाद्या बोधाकडे जाते आणि त्या वाटेवर आईचे स्वतःचे काही हळूहळू गळून पडते. ती सर्वांची आई होते, परंतु तिचा लहरीपणा, तिची स्वार्थी इच्छा, तिची एखादी चूक आपल्याला क्वचितच भेटते. लक्ष्मीबाईंची माणसे त्यांच्या दोषांसकट आपली होतात. श्यामची आई आपली होते ती दोष वगळून. येथे तरतमभाव करायचा झाल्यास प्रस्तुत लेखिकेचे मत ‘स्मृतिचित्रां’च्या बाजूने पडते.

चौथे पुस्तक या तिन्हींना एक कठोर प्रश्न विचारते. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली ग्रंथरूपाने आले. फलटणला दुकान चालवताना पुडक्यांच्या कागदांवरील मजकूर वाचणाऱ्या या लेखिकेने आपले लेखन पती व घरच्यांपासून सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले होते, डॉ. मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनामुळे ते उजेडात आले. रमाबाईंनी घराच्या प्रतिष्ठेसह लिहिले आणि लक्ष्मीबाईंनी मुलाच्या सांगण्यावरून. येथे मात्र ज्यांच्यात बसून आठवण सांगायची त्यांच्यापासूनच ती दडवावी लागली. आप्तांची बैठक ही सर्वांसाठी मोकळी असते, हे गृहीतच या एका गोष्टीने कोसळते.

वीरगावच्या महारवाड्यातील आषाढाचे वर्णन या पुस्तकात आहे. घरे सारवली जातात, न्हाणी होतात, गोडधोड शिजते, अंगात येते. वर्षभर पोट मारून जगणाऱ्यांच्या घरी आलेला हा उत्सव आहे. त्यात आनंद खरा आहे आणि त्या आनंदाखालचे अज्ञान व दारिद्र्यही तितकेच खरे आहे. लेखिका दोहोंपैकी एकही झाकत नाही. कोवळ्या वयाच्या सुनांचा सासवांनी केलेला छळ तर ती अशा निर्दयपणे मांडते, की कोणत्याही कुलवृत्तांताची शाई त्यापुढे फिकी पडावी. तिचे ‘आमुचं’ दोन दिशांना तोंड करून उभे आहे. सवर्ण वाचकाला ते वगळते, आणि वगळण्याचा तिला अधिकार आहे. कारण त्याने पिढ्यान् पिढ्या तिला वगळले. आपल्याच समाजातील शिकलेल्या, पुढे गेलेल्या आणि मागचे विसरू पाहणाऱ्या पिढीला मात्र ती जाब विचारते, आणि जाब हा आपल्या माणसालाच विचारता येतो. ज्यांना कुलवृत्तांत नव्हता त्यांच्या आठवणींना हा ग्रंथ वृक्ष देत नाही, वस्ती देतो.

आता भाषांतराविषयी. या पुस्तकांची इंग्रजी शीर्षके एका ओळीत मांडून पाहावीत. रमाबाईंचे पुस्तक १९३८ साली ‘हिमसेल्फ’ झाले. कुसुमावती देशपांडे यांचे १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेले भाषांतर शीर्षकात न्यायमूर्तींचे नाव पुढे ठेवून या त्यांच्या पत्नीच्या आठवणी असल्याचे सांगते. ‘स्मृतिचित्रे’ १९५० साली ‘आय फॉलो आफ्टर’ झाली. शांता गोखले यांच्या २०१७ मधील भाषांतराने मूळ मराठी नाव राखले, हे योग्यच झाले. तरी उपशीर्षकात ‘वाइफ’ हा शब्द आलाच. माया पंडित यांच्या २००८ मधील भाषांतरात ‘जिणं आमुचं’चे ‘द प्रिझन्स वुई ब्रोक’ झाले. ‘जिणं’ या शब्दात विजय नाही, केवळ जगत राहणे आहे. तुरुंग फोडण्याची घोषणा इंग्रजीने घातली. ही भाषांतरे सामर्थ्यवान आहेत आणि त्यांच्यामुळेच ही पुस्तके देशभर पोहोचली. परंतु ‘आमच्या’ आणि ‘आमुचं’ या दोन शब्दांतील उंबरा त्यांत दिसेनासा होतो.

हिंदीत काही पाने उतरवताना याचा प्रत्यय प्रस्तुत लेखिकेला आला. नातेवाचक शब्दांची फारशी अडचण पडली नाही. नणंदेला ‘ननद’ मिळते, जावेला ‘जेठानी’ किंवा ‘देवरानी’. मराठी सुनेने सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणणे मात्र उत्तरेत उमगत नाही. त्यामागे मामेबहीण आणि आतेभाऊ यांच्या विवाहाची जी रीत आहे, तिचा विचार इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या नातेव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथात केलेला आहे. दक्षिणेतील वाचकाला हे शब्द लगेच ओळखीचे वाटतील. खरी कसोटी लागली ती सर्वनामापाशी. प्रत्येक ‘हम’ लिहिताना कोण आत आहे आणि कोण बाहेर, हे वाक्याच्या घडणीतून सुचवावे लागे. कोठे ‘अपने यहाँ’ चालले, कोठे ‘हमारे घर में’, आणि कोठे काहीच चालले नाही.

यातून निष्पन्न होणारा निकष साधा आहे. घरगुती आठवण सांगणारा लेखक ‘आम्ही’ म्हणूनच आरंभ करतो. दुसरे काही म्हणणे अप्रामाणिक ठरेल, कारण ते घर वाचकाचे नसतेच. त्या घराची भांडणे, लाज आणि हसू न लपवता सांगितल्यामुळे वाचकाला केव्हातरी नकळत ‘आपण’ ऐकू येऊ लागले, तर ती आठवण वाङ्मय झाली. गौरवासाठी लिहिलेल्या पानांत हे घडत नाही. आग्रहाने जवळ ओढणाऱ्या पानांत ते घडल्यासारखे वाटते. आणि काही पुस्तकांपुढे वाचकाने बाहेर उभे राहूनच ऐकावे, हेच उचित असते; तेथे उंबरा ओलांडू देणे न देणे हा घरच्यांचा अधिकार आहे. सासूबाईंच्या तोंडचा ‘आपल्याकडे’ हा शब्द मागून मिळाला नसता.